यंदाचा जावई

तेजश्री: जरा सरक की, रुद्राणी. तुझ्या ओढणीचं टोक माझ्या फोटोत येतंय.

रुद्राणी: सरकले तर खालून दिसंन मी. अप्पाचं कापडाचं दुकान समोरच हाय.

तेजश्री: इतक्या वर्षांनी माहेरच्या गावात आलीस, आणि मैत्रिणीच्या, स्वप्नाच्या गच्चीवर लपून बसलीस.

रुद्राणी: तूच वढून आणलंस. धुळवडीला आमच्या गावात जावयाला गाढवावर बसवून मिरवतेत, त्याचे फोटो पायजेत म्हनलीस. म्हणून आले. अप्पाला भेटायला न्हाई.

तेजश्री: पण जावई बसतो तरी कशाला? चपलांचा हार घालून वर हसायचं?

रुद्राणी: राजीखुशीनं कोण बसतंय? होळीच्या आधीच सगळे जावई गाव सोडून पळतेत. पोरं हुडकून आणतेत. एकदा बसला की तो समद्या गावाचा जावई. लोकांनी रंग उडवायचा, चिडवायचं, अन् त्यानं रागवायचं न्हाई.

तेजश्री: मग नवऱ्याला खाली कशाला जाऊ दिलंस?

रुद्राणी: भारत ऐकतोय का कुणाचं? तुझा दुसरा कॅमेरा घेऊन गेला, जवळून काढतो म्हनला. त्याला कोण धरतंय? लग्नाला माझ्या घरचं कुणी आलं न्हाई. अप्पा म्हनले, जातीबाहेर गेलीस, मला पोरगी न्हाई. पोरगीच न्हाई, तर जावई कुठला?

तेजश्री: हलगी ऐकू येतेय. आली बघ मिरवणूक. गाढवावरचा माणूस सगळा गुलाबी झालाय, तोंडच ओळखू येईना. थांब, झूम करते... रुद्राणी, भारतनं आज कोणता शर्ट घातलाय?

रुद्राणी: निळा, चौकडीचा. कावून?

तेजश्री: इकडं ये. तूच बघ.

रुद्राणी: तोच हाय. तेजू, त्याला कसं धरलं? चेष्टा करायलेत का त्याची? तलवाड्याचा माणूस, हितं त्याचं कुणी न्हाई. मी जाते खाली.

तेजश्री: थांब. हसतोय तो. कॅमेरा अजून खांद्यालाच आहे त्याच्या, सांभाळून धरलाय.

रुद्राणी: पण सांगितलं कुणी? गावात कुणी वळखत न्हाई त्याला. लग्नाचा फोटोबी फक्त आईला धाडलता.

तेजश्री: मघाशी गर्दी जमत होती तेव्हा मी चौकातले काही काढलेत. बघू. हा भारत, पोरांचे फोटो काढतोय. आणि हे बघ, दुकानाच्या पायरीवरचा म्हातारा त्याच्याकडं बोट दाखवतोय.

रुद्राणी: मोठं कर.

तेजश्री: कोण आहे?

रुद्राणी: अप्पा.

तेजश्री: रागानं दाखवलंय का?

रुद्राणी: तोंड दिसंना. पुढचा फोटो?

तेजश्री: पुढच्यात पोरांनी भारतला उचललंय. तुझे अप्पा पाठमोरे आहेत.

रुद्राणी: चेहराच तेवढा राहिला होय.

तेजश्री: मला काय माहीत ते कोण. हळू बोल, जिन्यात कुणीतरी आहे.

(धोंडप्पा गच्चीच्या दारात येऊन उभे राहतात. कपाळावर विभूती, टोपीवर गुलाल.)

धोंडप्पा: स्वप्नाची आई म्हनली, वर हायेस.

रुद्राणी: अप्पा, त्याला कावून धरायला लावलं? तुमचा राग माझ्यावर काढायचा.

धोंडप्पा: पोरं बेजार झालती, यंदा कुणाचाच जावई घावंना. मी म्हनलो, ह्यो काय हुबा हाय माझा.

तेजश्री: पण काका, तुम्ही ओळखलंत कसं त्याला?

धोंडप्पा: हिच्या आईच्या मोबाइलात बघितलाय. लई डाव.

रुद्राणी: मग इतके दिवस कावून...

धोंडप्पा: न्हाई जमलं, बाई.

रुद्राणी: बसा तरी. दम लागलाय तुमाला.

धोंडप्पा: बसायला वखत न्हाई. मिरवणूक आता देवळापाशी जाईल. तितं जावयाला नवी कापडं द्यायची असत्यात, सासऱ्यानं. दुकानात शर्ट काढायला गेलो, तर माप ठाव न्हाई. चाळीस बसंल का त्याला?

रुद्राणी: बेचाळीस लागतो, अप्पा. पोट सुटलंय आता.