दाढ कोरडी आहे ना?

— अंहं, तोंड मिटायचं नाही. मिटलंत की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. जीभ तिकडे, दुसऱ्या गालाकडे. दाढेला चाटायला नाही सांगितलं मी. हां, तशीच ठेवा. डॉक्टर येतील दोन मिनिटांत — म्हणजे त्यांची दोन मिनिटं हो, घड्याळाची नाहीत. फोन वाजला की आमचे धाकटे डॉक्टर रोग्याचं तोंड उघडं टाकून बाहेर. दाढेला औषध लावून झालं, धुऊन झालं, वाळवून झालं, आता फक्त सील सोडायचं आणि निळा दिवा धरायचा — सगळं मिळून मिनिटभराचं काम — नेमका त्याच मिनिटाला यांना फोन घ्यायचा असतो. "काकू, तुम्ही आहात ना" म्हणतात. आहे ना! एकतीस वर्षं आहे. मोठे डॉक्टर, म्हणजे यांचे वडील, त्यांनी एकदा आरसा हातात घेतला की बाहेर कोणी बोंब मारली तरी मान वळायची नाही. आणि हे बघा — खिडकीत मासे ठेवलेत, भिंतीवर हसणाऱ्या बाईचा फोटो लावलाय, आणि रोगी इथे आ करून बसलाय.

हात कशाला वर करताय? दुखतंय? नाही ना? दुखणारच नाही, सुई नाही, मशीन नाही, दुखायला आहे काय त्यात. मग? — अच्छा, कापूस. भिजला. थांबा, बदलते. हे बघा, असं विचारायचं असतं, डोळ्यांनी. तुम्ही शाळेत शिकवता ना? फॉर्मवर लिहिलंय. दिवसभर चाळीस पोरांना गप्प बसवत असाल, आज तुमची पाळी. मघाशी बाहेर तुम्ही त्या रिसेप्शनच्या मुलीला म्हणालात, "हे सील लहान मुलांना लावतात ना, मला या वयात कशाला?" — ऐकलं मी. भिंत पातळ आहे इथली. कशाला म्हणजे? तुमच्या मागच्या दाढांना खाचा आहेत खोल, ब्रशचा केससुद्धा आत जात नाही, आणि अजून कीड नाही लागलेली. हे तुमचं कर्तृत्व समजू नका, नशीब आहे. आज नाही लागली तर उद्या लागेल. म्हणून त्या खाचा बुजवून टाकायच्या, कीड आत शिरायच्या आधी. दाढ तुमचं वय विचारत बसत नाही.

पण लोकांना सांगून बघा! एकेक नमुने येतात. एक बाप आला परवा, हातात गाडीची किल्ली फिरवत — "दात पडणारच आहेत ना मुलाचे, उगाच कशाला?" अहो महाराज, ही दाढ पडत नाही. सहाव्या वर्षी येते, सगळ्या दातांच्या मागून, गुपचूप, आधीचा दात पडत नाही म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि आली ती जन्मभराची. तोंडात डोकावून बघितलंय का कधी पोराच्या? नाही. गाडीचं इंजिन मात्र दर रविवारी उघडून बघत असेल. आणि एक बाई — "आम्ही काही केमिकल लावून घेत नाही हो" — आणि पोरगी शेजारी बसून क्रीमची बिस्किटं चाटतेय, आधी क्रीम, मग बिस्किट. तिसरीला वाटतं, सील लावलं म्हणजे आता ब्रश नको. सहा महिन्यांनी तपासायला आणा म्हटलं की गायब, आणि वर्षाने उगवतात तोंड वाकडं करून — "तुमचं ते सील निघालं, काही अर्थ नाही त्याच्यात."

काही अर्थ नाही! बाई, मी तुम्हाला सांगते, झिजतं, कधी कडेला टवका उडतो, ते तपासून पुन्हा लावता येतं, त्याचं काही नाही. पण चार-सहा महिन्यांत सगळंच्या सगळं उखडलं ना, तर एकच कारण. लावताना दाढ ओली होती आणि कोणीतरी म्हणालं, कोरडी आहे. दुसरं काही नाही. कोणीतरी खोटं बोललं. — जीभ! जीभ तिकडे. — तुम्हाला माहीत नसेल, ही आमच्याकडची पद्धत आहे, मोठ्या डॉक्टरांनी घातलेली. ते सील भरत असतात, नजर त्या पिचकारीच्या टोकावर, दिव्याची तिरीप अशी येते की त्यांच्या बाजूने दाढ नीट दिसत नाही. दिसते मला. लाळ ओढायची नळी माझ्या हातात, कापूस माझ्या हातात. ते विचारणार, "कोरडी?" मी म्हणणार, "कोरडी." मग टाकणार. ओली म्हटलं की सगळं पुन्हा — औषध, पाणी, हवा, नवा कापूस. आणि गंमत अशी, की एकदा का लाळ लागली, तर वरून हवा मारली तरी दाढ परत पांढरीच दिसते, खडूसारखी. कोणाला कळणार नाही. लाळेचा बसलेला थर डोळ्यांना दिसत नाही. फक्त जिने बघितलं तिलाच माहीत. म्हणून मोठे डॉक्टर म्हणायचे, "इथे माझा हात आणि तुमची जीभ, दोन्ही स्वच्छ हवेत."

काय डोळे मोठे करताय? हो, माझी जीभ चालते जास्त, माहीत आहे. तुमची चालू शकत नाही म्हणून माझी चालते. ऐका गप्प.

एका शाळेत शिबिर होतं. सव्वीस वर्षं झाली. मोठे डॉक्टर, मी, घडीची खुर्ची, आणि पहिली-दुसरीची चाळीसेक पोरं. सकाळपासून एकेकाला खुर्चीत घालायचं. काय पोरं हो ती! एक चावतो, एक रडतो, एकीने माझ्या हातावर चूळ टाकली. आणि मी प्रत्येकाच्या आईला सुनावत होते. वळण नाही लावलंत, घरी सवय नाही लावलीत, बघा कसा आडवा होतो. बायका खाली माना घालून ऐकायच्या. मला काय तोरा! पांढरा कोट डॉक्टरांचा, पण मिरवत होते मी. आणि सगळ्यात शेवटी माझी मुलगी. त्याच शाळेत पहिलीत होती. दाढ नुकतीच वर आलेली. मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, म्हटलं, सगळ्यांना दाखवू, शहाणं पोर कसं बसतं ते.

तर माझं शहाणं पोर एक सेकंद बसेना. जीभ अशी वळवळ, अशी वळवळ. डॉक्टरांनी विचारलं, कोरडी? म्हटलं, ओली. पुन्हा सगळं केलं. पुन्हा विचारलं. ओली. दाराशी त्या बायका उभ्या होत्या, ज्यांना मी दिवसभर बोलले होते. एक हसली. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी वाळवली, मी बघतेय, पोरीने जिभेचं टोक आणलं आणि दाढेवरून फिरवून गेली — मुद्दाम नाही हो, सहा वर्षांचं लेकरू ते. मी हवेची फवारी उचलली, फस्स करून मारली. दाढ पांढरी झाली. डॉक्टरांनी विचारलं, कोरडी?

मी म्हटलं, कोरडी.

मग काय! मी गावभर सांगत सुटले, माझ्या मुलीच्या दाढेला सील आहे, तिला कीड लागूच शकत नाही. दीडेक वर्षाने ती म्हणायला लागली, गार पाणी प्यायलं की ठणकतं. मी म्हटलं, नाटकं करू नको, शाळा बुडवायचे धंदे. सील होतं ना दिसत, चकचकीत! कडेने सुटलेलं होतं, आतून सगळं पोखरलं गेलं होतं, वर मात्र चकचकीत. मी दंतवैद्याकडे काम करणारी बाई, माझ्या पोरीचं तोंड मी बघितलं नाही — त्या किल्लीवाल्याला नावं ठेवते मी. एका सकाळी गाल सुजून डोळा मिटलेला, ताप. दाढ काढावी लागली. आठ वर्षांच्या मुलीची जन्मभराची दाढ. मीच तिचं डोकं धरून उभी होते.

आणि मोठे डॉक्टर — ते काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "चुकलं माझं. हात नीट बसला नसणार." माझ्यासमोर, माझ्या मुलीसमोर म्हणाले. मी गप्प. एकतीस वर्षांत मी गप्प बसले असेन तर त्या दिवशी. त्यांनी शिबिरं बंद केली. म्हणायचे, आपल्याला खात्री नाही तर दुसऱ्यांच्या मुलांच्या तोंडात कशाला घालायचं. किती वर्षं या दवाखान्यात सील लागलं नाही. ज्यांना सील लागलं नाही ती सगळी पोरं नंतर इथेच आली, याच खुर्चीत, कीड घेऊन, आणि मी त्यांच्या आयांना बोलले — काळजी घेत नाही तुम्ही, म्हणून. ऐकताय ना? त्यांना बोलले! मोठे डॉक्टर गेले त्याला आता सात वर्षं झाली. गेले ते आपला हात खराब आहे असं समजून. या धाकट्यांनी पुन्हा सुरू केलं सील. त्यांना नावं ठेवते मी, मासे ठेवले म्हणून.

रडताय कशाला? तुमच्या घरचं काय गेलंय? — नाक वाहू देऊ नका, सगळं ओलं होईल.

आज सकाळी मुलीचा फोन आला. तिची मुलगी सहाची झाली, मागची दाढ दिसायला लागलीय. शाळेतून चिठ्ठी आलीय, सील लावून घ्या म्हणून. म्हणाली, "आई, मी नाही लावणार. माझं काय झालं माहीत आहे ना, डॉक्टरने नीट लावलं नाही, दाढ गेली. त्यापेक्षा नकोच." आता बघा, बाई. सांगायचं तर सांगावं लागणार, डॉक्टर नाही, तुझी आई. नाही सांगितलं तर ती दाढ तशीच राहणार, उघडी, खोल खाचांची. खाचा आमच्या घरात सगळ्यांना आहेत, माझ्यासकट. मी काय म्हटलं? म्हटलं, बघू. बघू! मोठी आली बघणारी. समोर दिसत होतं तेव्हा बघितलं नाही —

अरे.

थांबा. थांबा, हलू नका. नळी... माझा हात कधी खाली आला? कापूस भिजून पार लगदा झालाय. गिळलंत ना तुम्ही? नाही नाही, तुमची चूक नाही, मान हलवू नका. मी बोलत बसले. जीभ लागलेली मी बघितली. मी बघितली.

आले, आले डॉक्टर. झाला का फोन? बरं झालं. घ्या, बसा. — काय? हो, ऐकू आलं मला, बहिरी नाही झाले अजून. कोरडी आहे का, विचारताय.

ती फवारी राहू द्या तिथेच. हवा नका मारू.

ओली आहे, डॉक्टर. माझ्या हातून नळी सरकली. पहिल्यापासून करा, औषधापासून. — सुस्कारे कसले टाकताय? बाहेर चार जण बसलेत तर बसू देत, मासे बघतील. आणि हे झालं की मला दहा मिनिटं सोडा. फोन करायचाय मुलीला. नाही, नंतर नाही, हे झालं की लगेच.

आणि तुम्ही, बाई, तुम्ही काय बघताय माझ्याकडे? दाढ माझ्या तोंडात नाही, तुमच्या तोंडात आहे. डोळे पुसा. आ करा. मोठा. जीभ तिकडे.

आता मी एक अक्षर बोलणार नाही.