मेथीवर शिंपडलेला पेला

मंडळी, देवाचं नाव घेऊन बसलोच आहोत, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. काम झालं, असं केव्हा म्हणावं? करणाऱ्यानं हात धुतले म्हणजे? की ज्याच्यासाठी केलं, त्याच्या उपयोगी पडलं म्हणजे? माना नंतर हलवा. आधी ऐका.

तापीकाठी एक नगरपालिका होती. गावाचं नाव सांगत नाही, तुमच्यातच कुणाचे व्याही तिकडचे निघायचे! तिथल्या नगराध्यक्षा कुमुदिनीताई. बाई देवभोळ्या आणि कामाला वाघ. वर्ष सरलं. सभेत अहवाल वाचायचा होता – वर्षात काय केलं, पुढच्या वर्षी काय करणार. एकतीस कामं! कलम सोळा, भाजीबाजारात थंड पाण्याचं यंत्र. कलम सतरा, बाजारातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह. पुढे शेरा – पूर्ण. यादी वाचताना ताईंना भरून आलं. का येऊ नये? वर्षभर राबल्या होत्या.

मुखपृष्ठाला फोटो हवा होता. सभेच्या दिवशी सकाळीच ताई बाजारात गेल्या. बरोबर कार्यालयातले निकुंभ आणि फोटोवाला. मेथी-शेपू घेऊन बसलेल्या ठकूमावशींच्या हाती ताईंनी गार पाण्याचा पेला दिला. फोटो निघाला, झकास. आणि मावशींनी काय करावं? तो पेला मेथीच्या जुड्यांवर शिंपडून टाकला!

"अहो मावशी, प्यायचं होतं ते."

"भाजीला लागतं, ताई. मला चालत नाही."

"उपास आहे का?"

"रोजचाच म्हना की." मावशी हसल्या. "सकाळी सातला बसते, दिवेलागणीला उठते. मधी पानी प्यायले तर जाऊ कुठं? डॉक्टर म्हनतो, मूतखडा झालाय, भरपूर पानी प्या. त्याला बोलायला काय, त्याच्या दवाखान्यात सोय हाये."

ताईंनी मान वळवली. समोर नवंकोरं स्वच्छतागृह. दाराला कुलूप. कुलपावरून फीत बांधलेली, उन्हानं पार विटलेली.

मंडळी, ती फीत कुणी बांधली होती? ताईंनीच! उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हावं, ही हौस त्यांचीच. सात महिने तारीख मिळत नव्हती, आणि सात महिने या बायका तहान गिळत बसल्या होत्या. पण ताईंना वाईट म्हणू नका हं. चांगलं माणूस असंच चुकतं – सोहळा नीट व्हावा म्हणून.

"निकुंभ, किल्ली."

"ताई, पुढच्या महिन्यात मंत्रीसाहेबांची तारीख नक्की मिळतेय. पाटीवर त्यांचं नावसुद्धा कोरून झालंय."

"नाव राहू द्या. कुलूप काढा."

"मग फीत?"

"मावशी कापतील."

मावशींनी भाजीची मुळं छाटायचा विळा उचलला, एका झटक्यात फीत कापली आणि आत गेल्या. फोटोवाल्यानं लगेच कॅमेरा सरसावला. ताई म्हणाल्या, "खाली ठेव रे बाबा. हा काय फोटो काढायचा प्रसंग आहे?" सगळा बाजार हसला.

मावशी बाहेर आल्या. यंत्रापाशी गेल्या, आपल्या हातानं पेला भरला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायल्या. मग दुसरा भरला. तो मात्र सावकाश, चव घेत. ताई नुसत्या बघत राहिल्या. देव्हाऱ्यापुढे उभं राहावं ना, तशा.

दुपारी सभेत ताईंनी अहवाल वाचला. सतरावं कलम गाळलं. एका नगरसेवकानं हटकलं, "ताई, सतरा राहिलं. ते तर पूर्ण आहे."

"ते गेल्या वर्षाचं नाही, दादा," ताई म्हणाल्या. "ते आज सकाळचं आहे."

आणि पुढच्या वर्षाचं पहिलं काम? छापलेल्या यादीच्या वर ताईंनी पेनानं लिहून आणलं होतं – जे जे बांधून कुलपात ठेवलंय, ते आधी उघडणे.

आता तुमच्याकडे येतो. सरकू नका मागे! देवानं प्रत्येकाच्या आत मायेची एक खोली बांधून दिली आहे. आपण तिला फीत बांधून ठेवली. उघडू की, निवृत्त झाल्यावर. उघडू, मुलीचं लग्न उरकल्यावर. आणि दाराशी कोण बसलंय? सून असेल, सासू असेल, तीन वर्षं न बोललेला सख्खा भाऊ असेल. मागत नाही बिचारा. तहान गिळून बसलाय. मंडळी, पांडुरंग उद्घाटनाला येत नाही. तो आधीच येऊन बसलाय, तिथेच, मेथी विकत.

किल्ली तुमच्याच कनवटीला आहे. जरा चाचपून बघा.