थोरलीचा हात

जबाब देणार: मा ओक-रे, वय ७२, धंदा समुद्रातलं शेवाळ काढून वाळवणं, राहणार वरची आळी, सोगदो बेट.

मी समक्ष चौकीत येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. नवरा समुद्रात बुडाला, त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मयत यांग बुन-इम ही माझी शेजारीण, वयाने थोरली, म्हणून मी तिला ताई म्हणे. तिची सून ल्येन व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली. ल्येनचा नवराही वारला आहे. तिची मुलगी पलीकडे शहरात शाळेला असते.

आमच्या बेटाचे खडक कुणा एकाचे नाहीत, मच्छीमार मंडळाचे म्हणजे सगळ्या गावाचे आहेत. थंडीत एक दिवस ठरवून घरटी एक माणूस उतरतं आणि खडक घासून काढतं. खडक साफ असला तरच शेवाळ धरतं आणि उन्हाळ्यात कापणी होते. घासणी झाली की संध्याकाळी घरातली माणसं मोजतात आणि चिठ्ठ्या टाकून खडक वाटतात. घरात दोन मोठी माणसं असली तर पूर्ण वाटा, एकच असलं तर अर्धा. अर्ध्या वाट्याच्या घराने अर्धाच खडक घासावा, असं मात्र कुणी म्हणत नाही. पाचही बोटं सारखी नसतात, पण घासताना पाचही लागतात.

पूर्वी लोक शहरात गेलेल्या पोरांना अंथरुणात आहेत म्हणून सांगत आणि वाटा घेत. म्हणून रीत पडली की, आजारी माणसाला दुसऱ्या घरातल्या बाईने जाऊन हात लावून यायचं. हात लावला तरच माणूस धरतात.

यंदाच्या घासणीच्या संध्याकाळी ल्येनने सासू आजारी असल्याचं सांगितलं. मंडळाचे प्रमुख प्यो जे-मान मला म्हणाले, "ओक-रे आजी, तुमचं घर शेजारी. तुम्हीच जाऊन या. आणि नीट बघा हो, उगाच दया नको."

मी म्हटलं, "अर्ध्या वाट्यात दया बसत नाही रे बाबा."

ल्येन माझ्यापुढे धावत गेली आणि दारात उभी राहिली. "आई झोपली, आजी. आई झोपली," एवढंच म्हणत होती. तिला आमची भाषा बऱ्यापैकी येते. त्या दिवशी तेवढंच येत होतं.

मी आत गेले. पायांना फरशी गार लागली. खाली फरशी तापवायचा बॉयलर बंद होता. तेल महाग आहे, वाचवत असेल, असं मला वाटलं. ताईचे केस विंचरलेले होते. गोधडी गळ्यापर्यंत होती. मी गोधडीखालून तिचा हात काढून हातात घेतला. किती वेळ धरला ते आठवत नाही. मग परत आत ठेवला आणि गोधडी नीट केली.

तिच्याशी बोललात का, असं विचारल्यावरून सांगते की, बोलले. "थोरले, नियम म्हणजे नियम. लावला बघ हात," असं म्हणाले. ती काही बोलली नाही. ती तशीही माझ्याशी फारसं बोलत नसे.

बाहेर येऊन मी सगळ्यांसमोर "दोन माणसं" असं सांगितलं. ल्येनच्या चिठ्ठीला चांगला खडक लागला.

पुढे बोटीने डॉक्टर आले. मोजणीच्या आधीच ताई गेलेली होती, असं त्यांचं म्हणणं. ते शिकलेले आहेत, मी त्यांना खोटं म्हणत नाही. त्यावरून प्यो जे-मान यांनी फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि ल्येनचा वाटा अर्धा करावा असं मागितलं आहे.

मयताशी वैर होतं का, असं विचारल्यावरून सांगते की, होतं. तेव्हा मंडळ तिच्या नवऱ्याच्या हातात होतं. माझा नवरा बुडाला त्या थंडीत, भर मोजणीत तीच पहिली बोलली, "ओक-रेचं घर आता एका माणसाचं. नियम म्हणजे नियम." त्याचं अजून प्रेतही सापडलं नव्हतं. तेव्हापासून मी अर्ध्यावर आहे. राग अजून आहे. पण ताईला मोजलं नाही, तर अर्धा वाटा ताईला पडत नाही, ल्येनला पडतो. त्या अर्ध्यात पोरीची शाळा होत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

हात गार होता का, असं पुन्हा विचारल्यावरून सांगते की, सकाळपासून मी पाण्यात खडक घासत होते. माझ्या हातांना गार-गरम कळत नाही. त्या दिवशी कळलं नाही आणि इतर दिवशीही कळत नाही. पायांचं विचाराल तर ते कळतं. पण रीत हाताची आहे.

हवालदारसाहेबांनी वरचा मजकूर मोठ्याने वाचला, तो मी ऐकला. मी बोलले तेच त्यात आहे, काढायचं-घालायचं काही नाही. सही येत नाही म्हणून अंगठा दिला आहे. पहिला ठसा उमटला नाही, म्हणून दुसरा घेतला. त्यातही रेघा आलेल्या नाहीत.