पिवळ्या जाळीचं पान

आत्या : अगं, आधी बाहेरचं दार लाव, मग आतलं उघड! दोन्ही एकदम उघडलीस की पांढरी माशी सरळ रोपांवर.

भाची : लावलं गं आत्या. हा आमच्या प्रयोगशाळेचा कागद घे आधी.

आत्या : तूच सांग. चष्मा खिशात आहे, पण तो लावायची हिंमत नाही. उद्या तपासणीवाले येतील. रोग निघाला तर चाळीस हजार टोमॅटोची रोपं जाळायची आणि रोपवाटिकेला कुलूप.

भाची : तुझी रोपं स्वच्छ आहेत. एकातही विषाणू नाही.

आत्या : पुन्हा म्हण.

भाची : एकातही नाही!

आत्या : थांब, बादली पालथी घालते. बसते जरा... पण परवा फोनवर तूच म्हणालीस ना, सगळ्यांत निघाला? तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या.

भाची : सगळ्यांतच निघाला होता. तुलना करायला नुसतं पाणी ठेवतो आम्ही, त्यातसुद्धा! पाण्याला कुठून रोग होणार? घोळ माझाच होता. रोगट पानं वाटलेला खल नुसता विसळला आणि पुढची पानं त्यातच वाटली. पाणीही त्यातूनच घेतलं.

आत्या : एवढी शिकलेली तू, आणि भांडं घासायचा कंटाळा!

भाची : बोल, बोल. प्रयोगशाळेतल्या मॅडमही हेच बोलल्या. मग नवी पानं, प्रत्येकाला वेगळा खल.

आत्या : पण तुझा बाप म्हणणारच, पोरीनं आत्याची बाजू घेतली.

भाची : नमुन्यांच्या नळ्यांवर नुसते आकडे होते. कोणता आकडा कुणाचा, ती यादी मॅडमच्या खणात. निकाल लिहून दिला, तेव्हा कुठे मला दाखवली.

आत्या : मग दादाच्या टोमॅटोत आला कुठून रोग? "तुझ्या रोपांनी माझं शेत बुडवलं," चारचौघांत बोलला तो मला. तीन आठवडे माझं तोंड बघितलं नाही.

भाची : विहिरीकडेचं ते तण आठवतं? पिवळ्या जाळीच्या पानांचं?

आत्या : ते? काय देखणं दिसतं! दादा मुद्दाम पाणी घालतो त्याला.

भाची : ती जाळी म्हणजेच रोग. तणातला आणि बाबांच्या टोमॅटोतला विषाणू एकच आहे, यंत्रावर तंतोतंत जुळला. माशीनं तिथून उचलला आणि पिकावर नेला.

आत्या : अरे देवा. म्हणजे यानंच कौतुकानं पोसला! सांगितलंस त्याला?

भाची : सकाळीच. ऐकलं आणि तसेच उठले. विळा घेतला आणि सगळं तण काढून जाळलं.

आत्या : आता घरी बसला असेल तोंड पाडून.

भाची : नाही. बाहेरच्या दाराशी उभे आहेत. म्हणाले, तू जा आधी.

दादा : (रोपवाटिकेच्या जाळीपलीकडून) आहेस का गं आत?

आत्या : मी कुठे जाणार?

दादा : रोपं हवी होती. पुन्हा लावीन म्हणतो.

आत्या : माझ्याकडची चालतील?

दादा : चुकलो मी. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच मागं घेईन.

आत्या : घेशील रे सावकाश. आधी शर्ट झटक.

दादा : झटकला.

आत्या : बाहेरचं दार नीट लाव, दादा. आणि आत ये.