शीळ हा काही दोष नव्हे

“हॅलो?… कोण, थेल्मा? अगं, उद्या दहाला कोर्टात उभी राहायचीस तू, अन्‌ आत्ता कसला फोन?… काय?… येत नाहीस म्हणजे?”

मर्लबाईंचे मटार सोलणारे हात थांबले. नवऱ्याशी, क्लॅरीशी, केलेला चौतीस वर्षांचा संसार उद्या थेल्माच्या, सख्ख्या बहिणीच्या, साक्षीवर घटस्फोटाने सुटायचा होता. साक्षीदार एकच, आणि त्यालाच आता पाय फुटले होते.

“हळू बोल, बहिरी नाही मी… हो, पाहिलंस रविवारी क्लॅरीला माझ्या खिडकीशी. मी भाजलेला भोपळ्याचा स्कोन खात होता. बरं, मग?… अगं ऐक ना! नवरा असता तर टेबलाशी बसून वर लोणी मागितलं असतं. हा खिडकीतून हात घालून पळाला. चोरून शेजारी खातो, नवरा नव्हे!… त्याचे शर्ट? वाऱ्याने आले असतील माझ्या दोरीवर… चिमट्यांसकट? आपल्याकडचा वारा ठाऊक नाही होय तुला?”

मर्लबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी आवाजात उतरू दिलं नाही.

“वर्षभर एका छपराखाली वेगळे राहतोय आम्ही. मेंढ्यांवर खुणा करायच्या तांबड्या खडूने स्वयंपाकघरात रेघ ओढलीय. चूल माझ्याकडे, नळ त्याच्याकडे. चहा करायचा तर किटली घेऊन मागच्या दाराने बाहेर, घराला वळसा, पुढच्या दाराने नळाशी. दोनदा पडसं झालं त्यापायी!… हो, पण आम्हा दोघांच्या शब्दावर न्यायाधीशाचं भागत नाही ना. तिसऱ्याने शपथेवर सांगावं लागतं…

“दोष? नाही गं लागत आता कुणाचा दोष! नवा कायदा आलाय, वर्षभर वेगळं राहिलं की पुरे… हो, हो, नेला होता तो कुणीतरी हायकोर्टात, संसदेला हा अधिकारच नाही म्हणून. निकाल लागला की! जराशी कात्री लावली, पण कायदा राहिला… पाद्रीबाबा म्हणेनात का, ‘लोक मोज्यांसारखे नवरे बदलतील’. मी चौतीस वर्षं एकच मोजा रफू करतेय, सांग त्यांना.

“अगं, जुना कायदा होता तेव्हाही वकिलाकडे गेले होते की मी. वकील म्हणाला, मारतो? नाही. पितो? नाही. बाई ठेवलीय? म्हटलं, त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, बाई कुठून सापडायची? मग तक्रार काय? म्हटलं, शीळ घालतो. उठल्यापासून निजेपर्यंत एकच धून, तीही अर्धीच… त्याने फाइल मिटली. शीळ हा काही दोष नव्हे म्हणाला. माणूस वाईट असता तर केव्हाच सुटले असते गं!… मला समुद्राकाठी दोन खोल्या हव्यात अन्‌ कानाला स्वस्थता. त्याला इथे मेंढ्या अन्‌ पोटभर शीळ. त्याचीही ना नाही…

“बायबलवर हात ठेवून नाही बोलवत?… रडू नकोस, थेल्मा. माझ्यापायी मनाविरुद्ध बोलू नकोस. नको येऊस.”

बाईंनी मटाराचं भांडं दूर सारलं. समुद्र एकदम फार लांब गेला. तेवढ्यात फोनमध्ये कुणीतरी शिंकलं.

“तू शिंकलीस?… मग कोण?… ऊना! टेलिफोन एक्स्चेंजवरची ऊना ना तू? ऐकत होतीस?… वर्षभर?”

क्लॅरीने मेंढ्यांच्या शेडमध्ये वेगळा फोन घेतला होता. दोघांना एकमेकांशी बोलायचं तर ऊनाकडूनच जोडून घ्यावं लागे.

“हो, ‘कुत्रा तिकडे आहे का’, एवढंच बोलायचो आम्ही… काय? ‘मिसेस टकर, माझी दोरी तुटलीय, शर्ट तुमच्या दोरीवर वाळत घालू का?’… अगं बाई, हो की! विचारलं होतं त्याने फोन करून, बायकोला मिसेस टकर म्हणत! मीच विसरले… ऐकतेस ना थेल्मा?… पण ऊना, चोरून ऐकल्याचं शपथेवर सांगितलंस तर नोकरी जाईल तुझी… शुक्रवारी? एक्स्चेंजच बंद? नंबर आपोआप लागणार?… मग काढतील कुठून तुला! येशील दहाला साक्षीला?… देव तुझं भलं करो!

“आणि ऊना, शेडला फोन लाव… नाही, मला नको जोडूस. तूच सांग त्याला, उद्या निळा टाय बांध म्हणावं, हिरव्यावर अंडं सांडलंय… मी? मी कशी सांगू बाई? त्याचा टाय मी निवडला, तर वेगळे राहिलो कुठे आम्ही! ठेवते.”