जाऊबाईंचे ग्लास

आमच्या कपिलेनं उकिरड्यावरचे प्लास्टिकचे ग्लास खाल्ले, तेव्हा मी महादेवाला नवस बोलले होते, ‘गाय वाचव, माझ्या डोळ्यांदेखत एकही ग्लास उकिरड्यावर राहू देणार नाही.’ गाय वाचली.

पुढं मोठ्या जाऊबाईंच्या पूजेनंतर फेकलेले ग्लास मी वेचून धुऊ लागले, तर त्या चारचौघींत म्हणाल्या, “काऊन वं, घरी भांडे नाईत का तुले? भिकारणीवानी फेकलेलं धुतेस!”

मोठं घर, मोठा उकिरडा! मी सगळे धुतले.

संक्रांतीला त्यांच्याकडं बायका जास्त झाल्या, ग्लास संपले. मी धुतलेली चळत नेऊन दिली. सरबत पिता पिता जाऊबाई म्हणाल्या, “कसे चकचकीत हायेत! कुठून आणले वं?”

“तुमच्याच उकिरड्यावरून, बाई.”

त्यांनी ग्लास झटकन तोंडापासून लांब धरला.

तुम्हीही धुऊन ठेवत जा गं. गाईला काय कळतं, ग्लास कोणत्या घरचा?