डोकं का चाललं नाही

शाळेच्या बाकावर मी नातीची वाट पाहत होतो. शेजारी एस्बेन नावाचा एक विद्यार्थी शेवटची तोंडी परीक्षा देऊन नुकताच बसला होता; आत गुण ठरत होते. पास झालेल्यांनी घालायची पांढरी टोपी त्याच्या आजीने मांडीवर तयारच ठेवली होती.

“घाल रे, फोटो काढते.”

“आजी, निकालाआधी घातली तर नापास होतात!”

“कोण म्हणतं?”

“अख्खं डेन्मार्क म्हणतं. लांब धर ती.”

“बरं. प्रश्न काय निघाला?”

“निकोटिन आणि मेंदू.”

“म्हणजे घरचाच अभ्यास!”

“हसू नकोस. तुझ्या हट्टापायी परवा सिगारेट सोडली, आणि आत डोकं रिकामं. एका रसायनाचं नाव आठवेल तर शपथ.”

“मग?”

“खरं सांगितलं. मेंदूला निकोटिनची सवय लावली, की ते मिळालं नाही तर तो रुसतो. आत्ता माझा रुसलाय, हे बघा, हात थरथरतायत.”

“परीक्षकांना हात दाखवलेस?”

“दोन्ही.”

“अरे देवा! रुसवा जातो कधी, ते तरी सांगितलंस?”

“काही आठवड्यांत. मग डोकं पुन्हा नीट चालतं.”

“हेच मी म्हटलं तेव्हा ‘आजी, गप’ म्हणालास.”

“तुझ्या हातात गुण नव्हते ना.”

दार उघडलं. बाई हसत होत्या.

“पास, एस्बेन! विसरलास बरंच, पण का विसरलास ते फार छान समजावलंस.”

एस्बेनने आजीच्या मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर चढवली.

“बघ,” आजी म्हणाली, “सिगारेट सोडली नसतीस, तर काय दाखवणार होतास त्यांना?”